शूर्पणखा-नासिकाच्छेद

शूर्पणखा-नासिकाच्छेद हा वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडातील एक प्रसंग असून भारतीय शिल्पकला व चित्रकला यांतील तो एक जुना आणि वारंवार हाताळला गेलेला विषय आहे. वनवासकाळात गोदावरीकाठच्या पंचवटीत रामाच्या आज्ञेवरून लक्ष्मणाने रावणाची बहीण शूर्पणखा हिचे नाक व कान कापले, असे रामायणात वर्णन आहे. महाराष्ट्रातील नाशिक शहराचे नाव याच घटनेवरून पडले, अशी दृढ लोकश्रद्धा आहे. त्यामुळे हा प्रसंग रामकथेतील एक वळण असण्याबरोबरच नाशिकची नामोत्पत्तिकथा म्हणूनही ओळखला जातो. 'नासिक' अथवा 'नासिक्य' हे नगरनाम मात्र इसवी सनापूर्वीच्या व्याकरणग्रंथांत व कोरीव लेखांत आढळते आणि तेथे शूर्पणखेचा निर्देश नाही. नावाचा इतिहास व नावाची कथा यांतील हे अंतर हा या विषयाच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न होय.

कथानक

अरण्यकांडाच्या 17 व्या व 18 व्या सर्गांत हा प्रसंग येतो. अगस्त्य ऋषींच्या सांगण्यावरून राम, सीता व लक्ष्मण पंचवटीत पर्णकुटी बांधून राहू लागतात. तेथे आलेली शूर्पणखा रामावर अनुरक्त होते आणि आपल्याशी विवाह करावा, असे त्याला सुचवते. आपण विवाहित असून तिच्यासारखीला सवत सोसवणार नाही, असे सांगून राम तिला लक्ष्मणाकडे पाठवतो. लक्ष्मण आपण रामाचे दास असल्याचे निमित्त पुढे करून तिला पुन्हा रामाकडे वळवतो. दोघेही थट्टा करत असतात. शूर्पणखेला मात्र ती थट्टा कळत नाही व ती ते बोलणे खरे मानते, असे वाल्मीकीने स्पष्ट म्हटले आहे.

आपल्या मार्गातील अडथळा सीता आहे असे समजून शूर्पणखा तिच्यावर धावून जाते. राम तिला अडवतो आणि क्रूर व अनार्य व्यक्तींशी परिहास करू नये, असे लक्ष्मणाला सांगून तिला विरूप करण्याची आज्ञा देतो. लक्ष्मण खड्ग उपसून तिचे नाक व कान कापतो. रक्तबंबाळ शूर्पणखा जनस्थानात आपला भाऊ खर याच्याकडे जाते. खर प्रथम चौदा राक्षस पाठवतो. ते मारले गेल्यावर तो दूषण व त्रिशिरा यांच्यासह चौदा हजारांचे सैन्य घेऊन चालून येतो. राम एकट्याने त्या सर्वांचा वध करतो. यानंतर शूर्पणखा लंकेत जाऊन रावणाला चेतवते आणि त्यातून सीताहरण घडते. अशा रीतीने अयोध्येतील गृहकलहाची कथा लंकेच्या युद्धाकडे वळते ती याच प्रसंगापासून.

उत्तरकांडात शूर्पणखेचे पूर्वचरित्र आले आहे. ती विश्रवा व कैकसी यांची कन्या होती. तिचा पती विद्युज्जिह्व हा कालकेयांशी झालेल्या युद्धात रावणाच्याच हातून मारला गेला. विलाप करणाऱ्या बहिणीची समजूत घालून रावणाने तिला खराच्या सोबतीने दंडकारण्यात राहण्यास पाठवले, असे तेथे सांगितले आहे.

पाठभेद

रामकथेच्या निरनिराळ्या परंपरांत हा प्रसंग सारखा नाही. पुढील काळातील चित्रकारांपुढे कोणती संहिता होती, हे ओळखण्यासाठी हे भेद उपयोगी पडतात.

वाल्मीकीची शूर्पणखा आपल्या मूळ राक्षसी रूपातच रामासमोर येते. सुमुख राम व दुर्मुख शूर्पणखा अशा विरोधी विशेषणांच्या जोड्या रचून कवीने दोघांतील अंतर दाखवले आहे. कंबनाच्या तमिळ रामायणात व तुलसीदासांच्या रामचरितमानसात ती सुंदर स्त्रीचे रूप घेऊन येते. कंबनाच्या काव्यात नाक-कानांबरोबर तिचे स्तनही कापले जातात. तुलसीदासांच्या काव्यात राम उघड आज्ञा न देता लक्ष्मणाला खूण करतो.

जैन परंपरेतील कथा याहून बरीच निराळी आहे. विमलसूरींचे 'पउमचरिय' हे काव्य जैन माहाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीला जवळच्या असलेल्या पूर्वकालीन भाषेत रचलेले आहे. त्यात रावणाच्या बहिणीचे नाव चंद्रनखा आहे. तिचा मुलगा शंबूक वेळूच्या बेटात बसून दिव्य खड्गासाठी साधना करत असतो. ते खड्ग लक्ष्मणाच्या हाती लागते आणि त्याची धार पाहण्यासाठी त्याने केलेल्या वारात शंबूक नकळत मारला जातो. मुलाच्या शोधात आलेली चंद्रनखा दोघा भावांवर मोहित होते. नकार मिळाल्यावर ती स्वतःलाच ओरबाडून घेते व आपल्यावर बळजबरी झाल्याची तक्रार पतीकडे करते. या कथेत नाक कापले जात नाही. त्यामुळे गोदावरीच्या प्रदेशाशी भाषेने निगडित असलेल्या या जुन्या रामकथेवरून नाशिकच्या नावाचा उलगडा होऊ शकत नाही.

नाशिकचे नाव आणि ही कथा

व्याकरण व कोरीव लेख

पाणिनीच्या 6.1.63 या सूत्राच्या संदर्भात पतंजलीच्या महाभाष्यात 'नासिक्य' या नगराचा उल्लेख येतो. विशिष्ट प्रत्ययापूर्वी 'नासिका' या शब्दाचे रूप आखूड होते. वर्ण अथवा नगर असा अर्थ असल्यास मात्र तसे होत नाही, असा तेथील नियम आहे. पतंजलीचा काळ सामान्यतः इ.स.पू. दुसरे शतक मानला जातो. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली म्हणजे हे नगरनाम त्या काळी संस्कृत वैयाकरणांना परिचित होते. दुसरी म्हणजे त्याचा संबंध 'नासिका' म्हणजे नाक या शब्दाशी तेव्हाही जोडला जात होता. तो संबंध कशामुळे आला, हे महाभाष्यात सांगितलेले नाही.

मध्य प्रदेशातील भारहुत स्तूपाच्या कठड्यावरील एका दानलेखात नासिक येथील गोरक्षिता या स्त्रीने स्तंभ दान केल्याची नोंद आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेणी या लेणीसमूहात एकूण 24 लेणी आहेत. त्यांपैकी 19 व्या लेण्यातील लेखात सातवाहन कुळातील राजा कण्ह (कृष्ण) याच्या कारकिर्दीत नासिकच्या श्रमण-महामात्राने लेणे करविल्याचे नमूद आहे. 18 व्या क्रमांकाच्या चैत्यगृहावरील लेखात नासिककरांच्या धंभिक गावाच्या दानाचा उल्लेख आहे. ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी यानेही नासिक हे स्थान नोंदवले आहे.

3 क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्री हिचा लेख या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातील या लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची तुलना राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्या पराक्रमाशी केली आहे. यातील राम म्हणजे बलराम असावा, असे काही अभ्यासक मानतात. पुढे नाभाग, नहुष, जनमेजय, सगर, ययाती, राम व अंबरीष या प्राचीन राजांची नावे येतात. लेख कोरविणाऱ्यांना रामाचे नाव परिचित होते, हे यावरून दिसते. तरीही त्याच्या वनवासाचा या परिसराशी असलेला संबंध लेखात सांगितलेला नाही. लेणी बौद्ध संघाला अर्पण केलेली असल्याने असा उल्लेख नसणे हा कथा अस्तित्वात नसल्याचा पुरावा ठरत नाही. उपलब्ध पुराव्यात नाव आधी दिसते व कथेशी त्याची सांगड नंतर दिसते, एवढेच यावरून म्हणता येते.

जुन्या नाशिकमधील मातीच्या गढीवर 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले. वस्तीचे थर ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे जातात, असे त्यातून आढळून आले. गोदावरीकाठची ही वस्ती उपलब्ध कोरीव लेखांहून बरीच जुनी आहे.

इतर व्युत्पत्ती

नाशिकच्या नावाची दुसरी प्रचलित व्युत्पत्ती 'नवशिख' अथवा 'नवशिखर' अशी आहे. जुने गाव नऊ टेकड्यांवर वसले असल्याने हे नाव पडले, असे मानणारे जुनी गढी, सोनार आळी इत्यादी उंचवट्यांचा दाखला देतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील 1883 साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या खंडात या दोन्ही व्युत्पत्ती नोंदवल्या आहेत. पतंजलीच्या साक्षीमुळे 'नासिका' या शब्दाशी असलेला संबंध अधिक जुना ठरतो. नदीच्या वळणावर पुढे आलेल्या भूभागाला नाकाची उपमा देऊनही गावाचे नाव पडू शकते. त्यामुळे नावात 'नाक' असणे म्हणजे ते कापलेले नाकच होय, असे अनुमान अपरिहार्य नाही.

युगानुसार नावे

परंपरेनुसार या क्षेत्राला कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापरयुगात जनस्थान व कलियुगात नासिक अशी नावे होती. पौराणिक कालगणनेप्रमाणे रामावतार त्रेतायुगातील असूनही या यादीत 'नासिक' हे नाव कलियुगाला दिलेले आहे. रामायणात खराचे ठाणे म्हणून येणारे 'जनस्थान' हे नावही तिच्यात त्रेताऐवजी द्वापरयुगात आले आहे. यावरून नाक कापल्याची कथा व युगनामांची यादी या दोन स्वतंत्र परंपरा असाव्यात असे दिसते. मुघल काळात शहराला गुलशनाबाद असे नाव होते. पेशवाईत नाशिक हे नाव पुन्हा रूढ झाले. 'जनस्थान' हे नावही विस्मृतीत गेलेले नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे नाशिक येथे दिल्या जाणाऱ्या साहित्य पुरस्काराला तेच नाव आहे.

पंचवटीचे स्थान

रामायणात पंचवटी गोदावरीच्या तीरावर असल्याचे म्हटले आहे. नदीचा उगम नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे असून ती पुढे तेलंगण व आंध्र प्रदेशातून वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे एकाहून अधिक ठिकाणी पंचवटी दाखवली जाते. तेलंगणातील भद्राचलमजवळचे पर्णशाला हे गाव तेथील परंपरेनुसार रामाच्या पर्णकुटीचे स्थान आहे. नाशिकच्या परंपरेला शहराच्या नावाचा आधार मिळतो आणि शहराच्या नावाला त्या परंपरेचा. अभ्यासकांच्या दृष्टीने हा परस्पराधार आहे, म्हणून त्याला स्वतंत्र पुरावा मानता येत नाही.

शिल्पांकन

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्राचीन शिल्प उत्तर प्रदेशातील ललितपूर जिल्ह्यात असलेल्या देवगढच्या दशावतार मंदिराचे आहे. गुप्तकाळातील, सुमारे इ.स. 500 च्या या मंदिराच्या जोत्यावर रामकथा व कृष्णकथा यांतील प्रसंगांचे शिल्पपट होते. त्यांपैकी शूर्पणखेचा पट सध्या नवी दिल्ली येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात लक्ष्मणाने एका हाताने शूर्पणखेचे केस धरले असून दुसऱ्या हातात खड्ग आहे. राम व सीता जवळच आहेत. शिल्पकाराने घाव बसण्यापूर्वीचा क्षण निवडला आहे. रक्त किंवा छिन्न चेहरा न दाखवता धरलेले केस व उगारलेले शस्त्र यांतूनच पुढील घटना सूचित होते.

दख्खनमध्ये कर्नाटकातील पट्टदकल येथील विरूपाक्ष व पापनाथ ही आठव्या शतकातील मंदिरे रामायणातील दृश्यांसाठी प्रसिद्ध आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यात (लेणे क्र. 16) मंडपाच्या दक्षिण बाजूच्या बाह्य भिंतीवर रामायणाच्या घटना एकाखाली एक अशा आडव्या ओळींत कोरल्या असून त्यांत अरण्यकांडातील प्रसंगांचा समावेश आहे. हे लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी निगडित आहे. देवगढच्या पटात एकच क्षण पाहणाऱ्यासमोर थांबवलेला आहे. कैलासातील ओळींत मात्र एकामागून एक घटना वाचत जावे लागते. शिल्पांतून कथा सांगण्याच्या या दोन पद्धती पुढे चित्रांतही दिसतात. इंडोनेशियातील जावा बेटावरच्या प्रंबानन येथील नवव्या शतकातील मंदिराच्या रामायणपटांतही शूर्पणखा आहे.

चित्रांकन

पोथीचित्रे

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकबराच्या आज्ञेने रामायणाचा फार्सी अनुवाद झाला व त्याची सचित्र प्रत तयार करण्यात आली. अब्दुर्रहीम खानखाना याने स्वतःसाठी करवून घेतलेली सचित्र प्रत अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील फ्रिअर संग्रहालयात आहे. मेवाडचा महाराणा पहिला जगतसिंह याने सुरू करविलेले सचित्र रामायण 1649 ते 1653 या काळात तयार झाले. साहिबदीन व मनोहर हे त्याचे प्रमुख चित्रकार होते. या पोथीचा सर्वांत मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून काही पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. निरनिराळ्या संस्थांमध्ये विखुरलेली ही पोथी 2014 मध्ये अंकीय स्वरूपात एकत्र आणण्यात आली.

मेवाडी शैलीत एकाच चौकटीत एका कथेचे अनेक क्षण रंगवण्याची पद्धत आहे. तीच व्यक्ती एका पानावर दोन-तीनदा दिसते. शूर्पणखेच्या प्रसंगाला ही पद्धत विशेष अनुकूल आहे. तिचे रामाकडे, मग लक्ष्मणाकडे व पुन्हा रामाकडे जाणे हाच या कथेचा गाभा असल्यामुळे एका क्षणाच्या चित्रात तो येऊ शकत नाही.

चित्रकथी

महाराष्ट्रात रामकथा चित्रांतून सांगण्याची लोकपरंपरा चित्रकथी या नावाने ओळखली जाते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने ही परंपरा जतन केली असून सावंतवाडीच्या संस्थानिकांचा तिला आश्रय होता. पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. पैठण शैली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रांचा मोठा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे.

चित्रकथीची चित्रे हातकागदावर असतात. काळ्या शाईची ठसठशीत बाह्यरेषा व तीत भरलेले सपाट खनिज अथवा वनस्पतिज रंग ही त्यांची ओळख होय. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे 'पोथी'. सूत्रधार वीणेच्या साथीने कथा गातो, साथीदार टाळ व हुडूक वाजवतात आणि कथा पुढे सरकेल तसे चित्र बदलले जाते. चित्रातील माणसे बहुधा एका बाजूने दिसतात आणि त्यांचे डोळे मोठे व टपोरे असतात. छाया-प्रकाशाचा वा खोलीचा भास निर्माण केला जात नाही. प्रेक्षक काही अंतरावरून, दिव्याच्या प्रकाशात पाहत असल्याने लांबून ओळखू येईल अशी रेषा ही या कलेची व्यावहारिक गरज होती.

विसाव्या शतकात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे 'चित्ररामायण' 1916 मध्ये प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीचा प्रभाव असलेल्या छापील चित्रांमुळे रामकथेची दृश्ये महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचण्याचा तो काळ होता.

चित्रणातील संकेत

या प्रसंगाच्या चित्रणात चित्रकाराला तीन बाबतींत निवड करावी लागते.

शूर्पणखेचे रूप: तिला राक्षसीण म्हणून रंगवल्यास सुळे, सुटलेले केस, मोठे नाक व अवाढव्य देह यांमुळे शिक्षा स्वाभाविक वाटू लागते. सुंदर स्त्री म्हणून रंगवल्यास पाहणाऱ्याची सहानुभूती विभागली जाते. पहिला प्रकार वाल्मीकीच्या वर्णनाला, तर दुसरा कंबन व तुलसीदास यांच्या कथेला जवळचा आहे.

क्षणाची निवड: शस्त्र उगारलेला क्षण, घाव बसतानाचा क्षण व जखमी शूर्पणखा खराकडे अथवा रावणाकडे जातानाचा क्षण असे तीन पर्याय दिसतात. तिसऱ्या पर्यायात तीच चित्राची मुख्य व्यक्ती ठरते.

रामाचे स्थान: कृती लक्ष्मणाची व आज्ञा रामाची असल्याने रामाला शांत बसलेला, हाताने खूण करणारा किंवा सीतेला सावरणारा दाखवले जाते. घटनेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे चित्रकाराने दिलेले उत्तर या हावभावांत असते.

मराठीत 'नाक कापणे' म्हणजे उघड मानहानी करणे आणि 'नाक खाली होणे' म्हणजे कमीपणा येणे. नाक हे प्रतिष्ठेचे चिन्ह असल्याने ही शिक्षा केवळ शारीरिक राहत नाही. कानही कापले गेल्याचे वाल्मीकि रामायणात स्पष्ट असताना लोकस्मृतीत व नाशिकच्या नावात नाकच उरले, त्यामागे हा सांस्कृतिक अर्थ असावा.

रोमच्या स्थापनाकथेशी तुलना

नगराचे नाव व नगराची कथा यांचा असाच संबंध इटलीतील रोम शहराबाबत दिसतो. लांडगीणीच्या दुधावर वाढलेल्या रोम्युलस व रेमस या जुळ्या भावांपैकी रोम्युलसने रेमसच्या मृत्यूनंतर शहर वसवले व त्याला स्वतःचे नाव दिले, असे लिव्ही व प्लूटार्क यांनी नोंदवलेली परंपरा सांगते. स्थापनेचे पारंपरिक वर्ष इ.स.पू. 753 हे आहे. आधुनिक अभ्यासक मात्र सामान्यतः उलट क्रम मानतात. त्यांच्या मते शहराचे नाव आधीचे असून त्यावरून रोम्युलस हे व्यक्तिनाम तयार झाले. नाशिकबाबत उपलब्ध असलेला पुरावाही अशाच क्रमाकडे निर्देश करतो.

रोमच्या स्थापनाकथेचा पुढचा भाग सबाइन स्त्रियांच्या अपहरणाचा आहे. नव्या नगरात स्त्रिया नसल्याने रोम्युलसने उत्सवाच्या निमित्ताने शेजारच्या सबाइन लोकांना बोलावले आणि ठरलेली खूण होताच रोमन तरुणांनी त्यांच्या मुली पळवल्या. बरोक काळात हा विषय विशेष लोकप्रिय होता. रोममध्ये वास्तव्य केलेला फ्रेंच चित्रकार निकोला पुसँ (1594–1665) याने त्यावर दोन मोठी तैलचित्रे रंगवली. त्यांपैकी एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात व दुसरे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याने या विषयावर बोरू व तपकिरी शाईने काढलेली रेखाचित्रे विंडसर येथील राजसंग्रहात व फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहेत. अशा रेखाचित्रांत जलद ओढलेल्या रेषेवर पातळ केलेल्या शाईचे लेप देऊन छाया-प्रकाश दाखवला जातो. घोळक्यातील माणसे कशी मांडावीत, हे चित्रकार तैलचित्रापूर्वी त्यांतून ठरवत असे.

पुसँच्या तैलचित्रांत रोम्युलस उंचावर उभा राहून आपले वस्त्र उचलतो. हीच अपहरणाची खूण होय. आज्ञा देणारा दूर व शांत, तर प्रत्यक्ष बळाचा वापर खाली, ही मांडणी शूर्पणखेच्या प्रसंगातील राम व लक्ष्मण यांच्या मांडणीशी तुल्य आहे. चित्रकथीची शाई मात्र वेगळे काम करते. बरोक रेखाचित्रात ती छायेत मिसळत जाते, तर चित्रकथीत ती आकृतीला पक्की सीमा घालते. दोन्ही कथांत नगराच्या आरंभी स्त्रियांवर झालेले बळ आहे. रोमच्या कथेत सबाइन स्त्रिया पुढे दोन सैन्यांच्या मध्ये उभ्या राहून युद्ध थांबवतात व नगराच्या नागरिक होतात. शूर्पणखेच्या वाट्याला असा समेट येत नाही. तिच्या जखमेतून युद्ध सुरू होते.

मराठी साहित्यातील व आधुनिक काळातील स्थान

मराठीत एकनाथांचे 'भावार्थरामायण', श्रीधरांचे 'रामविजय' व मोरोपंतांची रामायणे यांमधून रामकथा कीर्तन-पुराणांद्वारे सर्वत्र पोहोचली. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले व सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेले 'गीतरामायण' 1955-56 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झाले. त्यातील 56 गीतांपैकी दोन शूर्पणखेच्या तोंडी आहेत. एकात ती रामाला आपले मनोगत सांगते, तर दुसऱ्यात रावणाला सूड घेण्यास प्रवृत्त करते. नासिकाच्छेदाची घटना या दोन गीतांच्या मध्ये घडते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्त्रीवादी वाचनाने या प्रसंगाकडे नव्याने पाहिले. उघडपणे प्रणय व्यक्त करणाऱ्या स्त्रीला झालेली शिक्षा, तिची केली गेलेली थट्टा व शिक्षेचे प्रमाण हे प्रश्न त्यातून पुढे आले. तेलुगू लेखिका व्होल्गा यांच्या 'विमुक्त' या कथासंग्रहात सीता व शूर्पणखा यांची पुढील आयुष्यातील भेट रंगवलेली आहे. या संग्रहाला 2015 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पारंपरिक वाचनात सीतेवरील हल्ला हे शिक्षेचे कारण मानले जाते व स्त्रीवध टाळून केवळ विरूप केल्याकडे लक्ष वेधले जाते. दोन्ही वाचनांना वाल्मीकीच्या संहितेत आधार सापडतो. तिच्यात थट्टा, हल्ला व आज्ञा या तिन्ही गोष्टी क्रमाने नोंदलेल्या आहेत.

नाशिकमधील संबंधित स्थाने

गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी हा भाग आज नाशिक शहराचा घटक आहे. तेथील वडाची झाडे व सीतागुंफा ही ठिकाणे रामाच्या वास्तव्याशी जोडली जातात. जवळचे काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात बांधविले. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने पुढे, कपिला व गोदावरी यांच्या संगमाजवळ तपोवन आहे. शूर्पणखेचे नाक येथेच कापले गेले, अशी स्थानिक श्रद्धा असून तेथे लक्ष्मणाचे मंदिर आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात तपोवनात साधूंचे आखाडे उतरतात.

शहराच्या दक्षिणेकडील पांडवलेण्यांत 'नासिक' हे नाव दगडात कोरलेले आहे, तर तपोवनात त्या नावाची कथा सांगितली जाते. नाशिकच्या नामोत्पत्तीची ही दोन्ही साधने एकाच शहराच्या परिसरात पाहता येतात.

हे सुद्धा पहा

पंचवटी
पांडवलेणी
तपोवन, नाशिक
चित्रकथी
पउमचरिय
रोम्युलस व रेमस